डॉ. अल्झायमर आणि ऑगस्टेबाई

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कोणा ना कोणा नामवंताचे चरित्र असते. आजवर संतस्त्रिया झाल्या, समाजसुधारक झाले. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्यावर सोपविले आणि मी एका जर्मन डॉक्टरांचे नाव सांगितले, तेव्हा त्या क्षणभर गप्पच झाल्या. माझे शिक्षण सातवीपर्यंत. हिला शास्त्रातले काय कळणार, असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. पण या गृहस्थांचे नाव आमच्या घरात पाच वर्षे रोज निघत होते. ज्याचे नाव इतके घ्यावे लागते त्याचे कूळमूळ तरी ठाऊक असावे, म्हणून मी वाचनालयातून पुस्तके आणवली. समजले नाही ते डॉक्टर झालेल्या भाचीकडून समजावून घेतले आणि वहीत उतरवून ठेवले. त्या वहीतूनच हे लिहीत आहे.

डॉ. अ‍ॅलॉइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात, माइन नदीकाठच्या मार्क्टब्राइट या लहानशा गावी झाला. वडील नोटरी होते. त्यांची पहिली पत्नी बाळंतज्वराने गेली, तेव्हा त्यांनी तिच्याच बहिणीशी लग्न केले. अ‍ॅलॉइस हा या दुसरीचा मुलगा. आईवेगळ्या पोराला मावशीच हवी, म्हणून आपल्याकडेही असे विवाह होत. सातासमुद्रापलीकडे तीच रीत पाहून मला गंमत वाटली.

शाळा आशाफेनबुर्ग येथे, आणि वैद्यकाचे शिक्षण बर्लिन, ट्यूबिंगेन व व्युर्ट्सबुर्ग या तीन ठिकाणी झाले. १८८७ साली त्यांनी पदवीचा प्रबंध लिहिला तो कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर! विद्यार्थिदशेत तलवारबाजीत त्यांच्या गालावर मोठा वार बसला होता. त्याची खूण जन्मभर राहिली, आणि फोटो काढताना ती बाजू दिसणार नाही अशा बेताने ते बसत.

१८८८ च्या अखेरीस ते फ्रँकफुर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात सहायक डॉक्टर म्हणून लागले. तेथील मुख्य डॉक्टर झिओली हे नव्या विचाराचे. रोग्यांना बांधून ठेवू नये, कोंडू नये, त्यांना कोमट पाण्यात बराच वेळ बसवावे, बागेत-शेतात कामाला न्यावे, असा त्यांचा शिरस्ता. अल्झायमर यांस तो मानवला. पुढच्याच वर्षी तेथे फ्रान्झ निस्ल नावाचे दुसरे तरुण डॉक्टर आले. मेंदूचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहण्याची हातोटी निस्ल यांच्याजवळ होती. दोघांची जन्माची मैत्री जमली. दिवसा रोगी पाहावेत आणि रात्री त्यातूनच वारलेल्यांच्या मेंदूचे काप पाहावेत, असा दोघांचा क्रम सुरू झाला. रोगी बोलतो काय, वागतो कसा हेही पाहायचे आणि शेवटी त्याच्या मेंदूत काय झाले होते तेही पाहायचे. दोन्ही एकाच माणसाने करायचे, हे त्या काळी विरळा होते.

१८९४ साली त्यांनी सेसिलिए या बाईंशी विवाह केला. त्या एका श्रीमंत हिरेव्यापाऱ्याच्या विधवा. दोन मुली व एक मुलगा अशी तीन अपत्ये झाली. पण संसार सातच वर्षांचा. फेब्रुवारी १९०१ मध्ये सेसिलिएबाई वारल्या. मुले लहान. डॉक्टरांची एक अविवाहित बहीण येऊन राहिली आणि तिने घर सांभाळले. पुस्तकांत या बहिणीला एका ओळीपेक्षा अधिक जागा नाही. मला मात्र वाटते, की रात्र रात्र यंत्रावर डोळा लावून बसणाऱ्या भावाच्या घरी मुलांना जेवू घालून निजवणारी ती नसती, तर पुढचे काहीच घडले नसते.

त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९०१ रोजी, इस्पितळात एक बाई दाखल झाली. नाव ऑगस्टे डेटर, वय ५१. नवरा रेल्वेत कारकून. चांगला नेटका संसार. पण काही महिन्यांपासून बाईचे तंत्र बिघडले होते. शेजारणीशी नवऱ्याचे काही आहे, असा संशय तिने घेतला. स्वयंपाक चुकू लागला, वस्तू कोठेही लपवून ठेवू लागली, घरातल्या घरात हरवल्यासारखी फिरू लागली. नवऱ्याला उमजेना, की इतक्या वर्षांची आपली बायको अशी का वागते.

दुसऱ्याच दिवशी अल्झायमर तिच्यापाशी जाऊन बसले. नाव काय, नवऱ्याचे नाव काय, येथे किती दिवस आहात, असे साधे प्रश्न विचारले आणि तिने दिलेले प्रत्येक उत्तर, चूक असो की बरोबर, जसेच्या तसे लिहून घेतले. नवऱ्याचे नाव विचारले तर तिने आपलेच नाव सांगितले. दुपारी ती जेवीत होती, पानात फ्लॉवरची भाजी आणि डुकराचे मांस. काय खाता म्हणून विचारले तर पालक म्हणाली. लिहायला सांगितले तर सौभाग्यवती एवढे लिहून थांबे आणि पुढचे नाव विसरून जाई. आपणच आपल्याला हरवून बसलो आहोत, असेही ती मधूनमधून बोलून दाखवी.

हा भाग वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. मंडळातल्या पुष्कळ जणींनी माझ्या सासूबाईंना पाहिले आहे. त्या दुपारी ओट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला सांगत, की सुनेने दोन दिवस जेवायला घातले नाही. ज्यांनी ते ऐकले त्यांच्यापैकी काहींनी मला स्पष्ट विचारले, काहींनी विचारले नाही. विचारले नाही त्याचेच मला अधिक लागले. सासूबाईंनी अर्ध्या तासापूर्वी वरण-भात, भाजी, ताक असे पोटभर जेवून हात धुतलेला असे. त्या खोटे बोलत नव्हत्या. जेवण त्यांच्या पोटात गेले होते, मेंदूत नोंदले गेले नव्हते. पण हे मला तेव्हा कळत नव्हते. मी चिडत असे, एकदोनदा बोलूही नये ते बोलले. घरातल्या वडील माणसांनी म्हातारचळ म्हणून सोडून दिले. बाहेरच्यांना सून दिसत होती.

ऑगस्टेबाईंना इस्पितळात ठेवण्याचा खर्च त्यांच्या नवऱ्याला झेपेना. कमी खर्चाच्या दुसऱ्या ठिकाणी हलविण्याचे चालले होते, पण डॉक्टरांनी मध्ये पडून त्यांना तेथेच राहू दिले. स्वतः अल्झायमर मात्र फ्रँकफुर्ट सोडून आधी हायडेलबर्गला आणि १९०३ साली म्युनिकला गेले. तेथे एमिल क्रेपेलिन या प्रसिद्ध मनोरोगतज्ज्ञांच्या संस्थेत त्यांनी मेंदूच्या कापांची प्रयोगशाळा चालविली. आरंभी त्यांना पगारही नव्हता. पत्नीच्या मागे राहिलेल्या पैशावर घर चालले. देशोदेशीचे तरुण डॉक्टर त्यांच्याकडे शिकायला येत. धिप्पाड देह, तोंडात चिरूट. एकेका विद्यार्थ्याच्या यंत्रापाशी बसून ते समजावू लागत, चिरूट बाजूला ठेवीत आणि विसरून पुढच्याकडे जात. दिवसअखेर प्रत्येक टेबलावर एकेक अर्धवट चिरूट पडलेला असे. विसरण्याच्या रोगाचा शोध लावणारा माणूस स्वतः असा विसराळू, हे वाचून मी एकटीच हसले.

म्युनिकहून ते ऑगस्टेबाईंची विचारपूस ठेवून होते. बाईंचे बोलणे संपले, त्या अंथरुणाला खिळल्या, पाठीला जखमा झाल्या आणि ८ एप्रिल १९०६ रोजी त्या वारल्या. त्यांचा मेंदू आणि कागदपत्रे म्युनिकला पाठविण्यात आली.

मेंदू आक्रसलेला होता. अल्झायमर यांनी त्याचे काप चांदीच्या क्षाराने रंगविण्याची तेव्हा नवीनच निघालेली पद्धत वापरली. यंत्राखाली दोन गोष्टी दिसल्या. मज्जापेशींच्या आत सुताचा गुंता व्हावा तशा जाड धाग्यांच्या गाठी, आणि पेशींच्या बाहेर, मधल्या जागेत, कसल्याशा पदार्थाचे बारीक बारीक साके. पुष्कळ पेशी मरून गेल्या होत्या आणि पेशीच्या जागी नुसता गुंताच उरला होता.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे मनोरोगतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हे सारे मांडले. सभेत एकानेही प्रश्न विचारला नाही. लोकांना पुढच्या विषयाची घाई होती. १९०७ साली ते भाषण दोनतीन पानांत छापून आले. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमरचे नाव दिले. न्यायाने बोलायचे तर त्याच सुमारास प्राग येथील ऑस्कर फिशर यांनीही वृद्धांच्या मेंदूत असे साके पाहून लिहिले होते. पण ते नाव मागे पडले. फिशर ज्यू होते. १९४२ साली नाझींच्या छावणीत त्यांचा अंत झाला.

नाव दिले गेले तरी एक घोळ पुढे साठ-सत्तर वर्षे राहिला. ऑगस्टेबाई पन्नाशीतल्या होत्या, म्हणून हा रोग पन्नाशीतल्या थोड्या माणसांचा समजला गेला. सत्तरीच्या माणसाला तसेच झाले तर ते वयाचे. ते रोग नव्हे. स्वतः अल्झायमर यांना ही विभागणी पक्की वाटत नव्हती, तशी शंका त्यांनी १९११ च्या लेखात मांडली होती. १९६० नंतर इंग्लंडमधील डॉक्टरांनी वृद्धांचे मेंदू मोजूनमापून तपासले, तेव्हा त्यांत तेच गुंते व तेच साके दिसले. १९७० नंतर हा एकच रोग आहे हे मान्य होऊ लागले. म्हणजे आपण ज्याला साठी बुद्धी नाठी म्हणून मोकळे होतो, तिकडचे मोठमोठे डॉक्टरही बरीच वर्षे तेच म्हणत होते.

आता ते गुंते आणि साके कशाचे, हे सांगते. ही दोन्ही प्रथिने होत. साके ज्याचे बनतात त्यास अमिलॉइड बीटा म्हणतात. ते १९८४ साली अमेरिकेत ग्लेनर व वाँग यांनी वेगळे काढले. गुंता ज्याचा होतो त्याचे नाव टाऊ, हे १९८६ च्या सुमारास कळले. टाऊ मुळात दुष्ट नाही. मज्जापेशीला लांब तंतू असतो आणि त्याच्या आतून मालाची ने-आण होते. ज्या नळ्यांवरून ही ने-आण चालते त्यांना टाऊ धरून ठेवते, पराती बांधताना बांबू दोरीने आवळावेत तसे. प्रत्येक प्रथिनाची एक ठरलेली घडी असते. ती घडी चुकली की टाऊ आपली जागा सोडते आणि एकमेकांत अडकून गुंता होतो. नळ्या ढिल्या पडतात, माल पोचत नाही आणि पेशी उपासमारीने मरते.

पण एका ठिकाणचा बिघाड साऱ्या मेंदूभर जातो कसा? हे भाचीने मला स्वयंपाकघरात उभे राहून समजावले. दुधाला विरजण लावतो तसे. चमचाभर दही पातेलेभर दुधाला आपल्यासारखे करून टाकते. चुकीच्या घडीचे टाऊ चांगल्या टाऊला भिडले की तेही तशीच चुकीची घडी घेते, मग ते तिसऱ्याला बिघडवते. एका पेशीतले हे विरजण तिच्याशी जोडलेल्या पुढच्या पेशीत जाते. फरक इतकाच की दह्यात जिवंत जंतू असतात, येथे जिवंत काही नाही, नुसती घडी बिघडते. आणि विरजण या शब्दाने कोणी घाबरू नये. रोग्याला शिवल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याची सेवा केल्याने हा रोग लागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या एका बाईंनी सासूबाईंच्या हातचे पाणी घेणे बंद केले होते, म्हणून मुद्दाम लिहिले.

या गोष्टीची उकल ज्या दोन गावांत बरीचशी झाली, ती दोन्ही अल्झायमर यांचीच. फ्रँकफुर्टमध्ये हायको ब्राक आणि एफा ब्राक या पतिपत्नींनी पुष्कळ मृतांचे मेंदू तपासून १९९१ साली दाखविले, की टाऊचे गुंते वाटेल तेथे उगवत नाहीत. त्यांचा रस्ता ठरलेला असतो. त्यांनी सहा पायऱ्या सांगितल्या. मेंदूच्या पृष्ठभागावरचा आरंभ कानशिलाच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा पट्टीत होतो. तेथून शेजारच्या हिप्पोकॅम्पस या भागात, जेथे आजच्या घडामोडींची नोंद होते. मग भाषेच्या, विचाराच्या, ओळखीच्या भागांत. हालचाल आणि दृष्टी यांचे मुख्य भाग शेवटी. पहिल्या दोन पायऱ्यांत बाहेर काहीच दिसत नाही. घरच्यांना पहिले लक्षण दिसते तेव्हा आत दहा-पंधरा वर्षे होऊन गेलेली असतात.

ट्यूबिंगेनची गोष्ट तर योगायोगाचीच म्हणायची. ज्या गावात अल्झायमर यांना एकही प्रश्न विचारला गेला नाही, तेथेच मथियास युकर यांच्या प्रयोगशाळेतून २००६ साली, बरोबर शंभर वर्षांनी, एक प्रयोग प्रसिद्ध झाला. या रोगाने गेलेल्यांच्या मेंदूचा अगदी थोडा अर्क खास जातीच्या उंदरांच्या मेंदूत घातला, तर तेथे अमिलॉइडचे साके वेळेआधीच धरू लागले. टाऊच्या बाबतीत असाच प्रयोग बाझल व केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. तेथेही बिघाड टोचलेल्या जागेपासून जोडलेल्या भागांकडे सरकला. उंदराचे ते माणसाचे सगळे नव्हे, पण ब्राक पतिपत्नींनी काढलेल्या नकाशाशी ते जुळते.

हा नकाशा मला कळला आणि सासूबाईंची पाच वर्षे एकदम उलगडली. सकाळचे जेवण का पुसले जाई आणि माहेरच्या विहिरीचे चढे का आठवत. शेजारणींची नावे गेल्यावरही दळणाच्या ओव्या का येत. नातवाला ओळखेनाशा झाल्या तरी पाय चांगले होते, म्हणून कडी काढून थेट एस. टी. स्टँडपर्यंत कशा गेल्या. सगळे आमच्यावर सूड उगवल्यासारखे वाटे. ते त्या रस्त्याने चालले होते, एकेक पायरी.

ऑगस्टेबाई काय जेवतात हे डॉक्टर लिहून ठेवीत, हे वाचून मीही भिंतीवरच्या कॅलेंडरवर जेवणाच्या वेळा लिहू लागले होते. खरे सांगायचे तर पहिल्यांदा पुरावा म्हणूनच. कोणी विचारले तर दाखवायला. पुढे त्यातून दुसरेच कळले. जेवण झाले नाही अशी तक्रार रोज दुपारी तीनच्या सुमारास येई. मग मी तीनला त्यांच्या पुढ्यात वाटीभर पातळ पोहे किंवा भिजवलेली लाह्यांची वाटी ठेवू लागले, आणि जेवलात ना हे पटवून देणे सोडून दिले. ओट्यावरची तक्रार बरीच कमी झाली. अगदी थांबली नाही.

औषधाचे विचारतात म्हणून सांगते. अमिलॉइड काढून टाकणारी काही औषधे निघाली आहेत, लेकॅनेमॅब नावाच्या एकाला अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मान्यता मिळाली. अगदी आरंभीच दिले तर रोगाची चाल थोडी मंदावते. गेलेले परत येत नाही, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याची भीती असते. सासूबाईंची वेळ केव्हाच निघून गेली होती. आपल्या देशात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहे. म्हणजे शंभरांत सात. आपल्याच आळीत मोजून पाहावे.

अल्झायमर यांचे पुढचे आयुष्य थोडे. १९१२ साली ब्रेस्लाव येथील विद्यापीठात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. ते शहर आता पोलंडमध्ये आहे. तेथे जाताना आगगाडीतच ते आजारी पडले. घशाच्या दुखण्याने हृदय धरले आणि ते पुन्हा पहिल्यासारखे झालेच नाहीत. तशातही महायुद्धाच्या धामधुमीत काम करीत राहिले. १९ डिसेंबर १९१५ रोजी ते वारले. वय ५१, ऑगस्टेबाई इस्पितळात आल्या तेव्हा होते तेवढेच. त्यांना फ्रँकफुर्टला आणून पत्नीच्या शेजारी पुरले.

ऑगस्टेबाईंची फाईल मात्र हरवली होती. ती १९९५ साली फ्रँकफुर्टच्या इस्पितळातील जुन्या कागदांत सापडली. बत्तीस पाने. अल्झायमर यांच्या हातचे प्रश्न आणि बाईंची उत्तरे त्यात आहेत, आणि बाईंनी स्वतःचे नाव लिहिण्याचा प्रयत्न केला तो कागदही आहे.

माझ्या वहीत जेवणाच्या नोंदी, रात्री कडी कशी लावावी, अंघोळीला कसे राजी करावे, असे बरेच काही आहे. अक्षर चांगले नाही. पण ज्या घरी गरज असेल त्या भगिनीने दुपारी तीननंतर येऊन ती न्यावी, आणि काम झाले की परत करावी.